चौथी बाटली

२००३ साली नारायणगावच्या एसटी स्टँडसमोर मी पॅथॉलॉजी लॅब टाकली. टोमॅटो भरलेल्या जीपांचे हॉर्न दिवसभर आत ऐकू यायचे. लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचे, प्रकार ठरवण्याचं नवं पुस्तक हाती आलं होतं आणि मी त्याने झपाटले होते. आधी हॉजकिन आहे का बघायचं. नसेल तर पांढऱ्या पेशी बी जातीच्या की टी, सावकाश वाढणाऱ्या की भराभर. प्रकार चुकला की औषध चुकतं, माणूस हातचा जातो.

बाटल्या धुणाऱ्या भागूबाई घाटघरच्या. सोपान नावाच्या शेतकऱ्याच्या मानेतली गाठ फॉर्मलिनच्या बाटलीत आली, तेव्हा बाटली हातात धरून त्या म्हणाल्या, “बाई, हिला दोन डोळं हायेत. घुबडावानी.”

मी हसले. दोन दिवसांनी स्लाइडवर मोठ्या पेशी दिसल्या, प्रत्येकीत दोन केंद्रकं. हॉजकिनची नेमकी खूण!

पुढची गाठ. “ही लई सावकाश चालती.” पुण्याच्या तपासणीत तेच आलं. तिसरी “पळती” म्हणाल्या, तीही खरी निघाली. आनंदाने मला जेवण सुचेना.

चौथी बाटली कल्पेशची. कापड दुकानदार खेमचंदांचा मुलगा, पंचविशीचा. भागूबाईंनी ती उचलली, लगेच खाली ठेवली आणि हात पदराला पुसले.

“सांगा की, भागूबाई.”

“ही न्हाई सांगायची. तुमी बी बगू नका.”

त्या दिवसापासून त्या कामावर आल्या नाहीत.

मी बघितलं. एकमेकींना टेकलेल्या निळसर सात पेशी. पुस्तकातल्या एकाही प्रकारात बसेनात. नवा प्रकार! काचेवर मार्करने त्यांच्याभोवती गोल काढला आणि पुण्याला माझ्या सरांना फोन लावला.

“सर, सात आहेत. असं कुठेच दिलेलं नाही!”

“परत बघ नीट.”

परत बघितलं.

गोलात नऊ होत्या.

फॉर्मलिनमध्ये मेलेल्या, मेणात घातलेल्या, रंगवलेल्या पेशी. त्या वाढत नाहीत.

तासाभराने बारा.

उरलेली गाठ पुण्याला पाठवली. तिथे साधी सूज निघाली. कल्पेश ठणठणीत आहे, दुकानात बसतो. सोपानही औषधांनी बरा झाला.

ती स्लाइड कपाटात आहे. या पाच वर्षांत मी पेशी पुन्हा मोजल्या नाहीत. त्यांच्यावर एक पातळ काच पक्की चिकटवलेली असते. काल धूळ पुसताना बघितलं, तिची एक कड आतून उचलली गेली होती.