बाबांच्या खोलीतली गिटार

गोपिकाची गिटार एका अनोळखी माणसाने उचलली, तेव्हा ती शंकरनगरच्या लॉनवर चहाचा कप हातात घेऊन उभी होती. एप्रिलची संध्याकाळ... ऊन उतरलं होतं, पण जमीन अजून तापलेलीच होती. थोड्या वेळाने साखरपुड्याचे पाहुणे यायचे होते आणि गोपिकाला त्यांच्यापुढे तासभर गायचं होतं. तिने गिटार मोठ्या कूलरसमोर खुर्चीवर नीट ठेवली होती, गार राहावी म्हणून. आणि हा माणूस ती खुशाल उचलून स्टेजच्या पलीकडे घेऊन चालला होता.

"ओ दादा, काय करून राहिले?"

"तुमची गिटार वाचवून राहिलो." तो वळला. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्यांवर लाकडाचा भुसा. "लाकूड आहे हे. कूलरसमोर ठेवायले टरबूज नाही. आणि दादा नका म्हणू. गिरिधर म्हणा."

गोपिकाला राग आला होता, पण टरबुजावर हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो तसा तिचा झाला, आणि तो गिरिधरने पाहिला. आपल्याला लागायचं ते खूळ तेव्हाच लागलं, असं त्याने पुढे कबूल केलं.

लकडगंजात गिरिधरच्या आजोबांपासूनचा लाकडाचा डेपो होता. त्याच्या जोडीला आता तो शहरभर स्टेज बांधून द्यायचा. लाकूड कुठे फुगतं, कुठे तडकतं हे त्याला बोटांनी कळायचं.

"प्लायची आहे हो ती. चांगली घरी आहे," गोपिका म्हणाली.

"चांगली घरी काहून? घरी कोण तिकीट काढून बसलं आहे?"

"तिले मी बाहेर नेत नाही." ती एवढं बोलून थांबली असती, पण त्याच्या डोळ्यांत नुसती चेष्टा नव्हती. "बाबांच्या खोलीत असते. भिंतीवर."

"आणि त्या खोलीत कूलर कुठं आहे?"

गोपिकाने चहाचा कप खाली ठेवला.

"...समोरच."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिधर पत्ता घेऊन मानकापूरच्या गोपिकाच्या घरी हजर झाला. हातात लोखंडी पट्टी होती, चेहरा डॉक्टरचा.

गोपिकाचे बाबा, आनंदराव, खाप्याच्या हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवत होते. आता त्यांचे कान जात चालले होते. त्यांच्या आईचेही असेच गेले होते, त्यामुळे त्यांनी फार आकांडतांडव केलं नाही. कानातलं यंत्र लावलं की नुसती खरखर व्हायची, म्हणून ते ड्रॉवरमध्ये पडलं होतं. पण निवृत्तीच्या वर्षी त्यांनी हट्टाने लेकीला ही गिटार घेऊन दिली होती. अख्ख्या लाकडाची, परदेशी बनावटीची. किंमत ऐकून नातेवाईक आधी गप्प बसले आणि मग पाठीमागे बोलले. रोज सकाळी गोपिका वाजवायची आणि बाबा डोळे मिटून गिटारच्या अंगावर तळवा ठेवून बसायचे. प्लायच्या गिटारवर त्यांना काही लागत नसे. हिच्यातून मात्र सूर हाताला यायचा. लेकीचं गाणं त्यांच्यापर्यंत पोचायची तेवढी एकच वाट उरली होती.

म्हणून ती गिटार घराबाहेर जात नव्हती. स्टेजवर काय होतं ते गोपिकाने पाहिलं होतं. कोणाचा पाय वायरीत अडकतो, कोणी नाचत येऊन आदळतो. असली गिटार परत मिळेल असं तिला वाटत नव्हतं, आणि मिळेपर्यंत बाबांच्या बधिर होत चाललेल्या हातात किती ऐकणं उरलं असेल, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

गिरिधरने पट्टी तारांखाली धरली. पुढची फळी पोटासारखी वर आली होती, तारा दांडीपासून उंच उठल्या होत्या.

"जपता जपता हिले आजारी पाडलं तुम्ही," तो हळूच म्हणाला. "ओल्या हवेने फुगली आहे. मधल्या खोलीत न्या. आणखी एक उन्हाळा इथं राहिली असती तर तारा धरणारा पूल उखडला असता."

गोपिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांच्या जपण्याचा तिला अभिमान होता, आणि तो असा पट्टीवर मोजून चुकीचा ठरला होता. गिरिधरने पट्टी खिशात घातली आणि उगाच खिडकीबाहेर पाहत राहिला, तिला डोळे पुसता यावेत म्हणून.

मग तो दर दोन दिवसांनी मोजायला येऊ लागला. गिटार पंधरा दिवसांत जागेवर आली, तरी मोजणं काही थांबलं नाही.

"किती कमी झालं आज?" गोपिका विचारायची.

"केसभर."

"परवाही केसभरच होतं."

"केस बारीक आहे ना तुमचा... वेळ लागते."

आनंदराव पेपरमागून ओठ वाचत, आणि काही न कळल्यासारखं पान उलटत.

गिरिधरने त्या गिटारवर तिची स्वतःची गाणी ऐकली, आणि तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला. ही गाणी प्लायच्या गिटारवर डब्यातून आल्यासारखी वाटतात. लोकांनी ती हिच्यावर ऐकायला पाहिजेत. डिसेंबरमध्ये धरमपेठेत चार नव्या गायकांच्या स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. गोपिकाचं नाव त्यात होतं, आणि स्टेज गिरिधरचं.

"एक दिवस आणा. मी आहे ना."

"नाही."

"काहून पण?"

"तुमाले माहीत आहे काहून."

माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. सकाळचं ते वाजवणं बाप-लेकीचं असायचं, आणि तो यायचा उन्हं चढल्यावर. कार्यक्रमाला आठ दिवस असताना तो एकदा लवकर आला. दार उघडंच होतं. गोपिका वाजवत होती. बाबांचा तळवा गिटारवर होता, आणि मग त्यांनी तो किंचित सरकवला... पुन्हा सरकवला... जणू काल जिथे सूर लागला होता ती जागा आज सापडत नव्हती. गोपिकाने आघात वाढवला. शेवटी बाबांचा हात एका जागी थांबला आणि ते हसले. ती खाली मान घालून वाजवत राहिली, आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं.

गिरिधर बाहेर पायरीवर येऊन बसला. ती आली तेव्हा तो नेहमीसारखा बोलला नाही.

"नका आणू," तो म्हणाला. "मी उगाच मागं लागलो होतो. माझ्या डोळ्यांदेखत एकाच्या गिटारची दांडी तुटली आहे स्टेजवर. स्टेज माझंच होतं, फळी बराबर होती, तरी तुटली. नका आणू गिटार."

गोपिका त्याच्या शेजारी बसली. दोघांमध्ये वीतभर अंतर होतं. त्या क्षणी तिला तो अगदी आपला वाटला. पण तिने मान हलवली.

"काल बाबा बोलले. म्हणे, माझ्यापुरतीच वाजवत राहिलीस तर माझ्यासंगं बंद पडेल हे. मग मी कोणाले काय देऊन गेलो?" ती थांबली. "मी त्यांच्यावर चिडली. रात्रभर भांडली मनातल्या मनात. पण ते बरोबर बोलून राहिले, गिरिधर. गिटार मी नेणार आहे."

"आणि काही झालं तर?"

"तर झालं."

त्याने वीतभर अंतर ओलांडून तिचा हात धरावा असं तिला फार वाटलं. त्याने पायरीवर बोटाने रेघ ओढली, आणि तो उठून गेला.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू झाला. थंडी पडली होती, लोक शाली गुंडाळून बसले होते. आनंदराव पहिल्या रांगेत, मुंजीला जावं तशी टोपी घालून. गोपिका गिटार घेऊन स्टेजवर आली. पहिला सूर बाहेर पडला... आणि मैदान शांत झालं. तिची गाणी इतकी गोड आहेत हे तिलाही त्या दिवशी कळलं. चार गाणी झाली. शेवटच्या गाण्यानंतर टाळ्या थांबेनात, तेव्हा तिने आधी बाबांकडे पाहिलं.

स्टेजवरून उतरून ती सरळ त्यांच्याकडे गेली आणि ओठ दिसतील अशी समोर बसली.

"बाबा, काही लागलं?"

"नाही वं," आनंदराव शांतपणे म्हणाले. "काहीच नाही लागलं. पण लोकं ऐकून राहिले होते. ते दिसलं मले. ती मागची बाई डोळे पुसून राहिली होती... तुझी आई गाणं ऐकताना पुसायची तशी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

ते ओळखीच्या मास्तरांशी बोलू लागले, तेव्हा गोपिका स्टेजच्या कडेला आली. गिरिधर तिथेच उभा होता, गेले दोन तास होता तसा, हाताच्या अंतरावर. डिसेंबरच्या गारठ्यात त्याचा शर्ट घामाने भिजला होता.

"कसं झालं?" तिने विचारलं.

"मले नाही माहीत. एक गाणं ऐकलं नाही. मी नुसता वायरीकडे अन् लोकांच्या पायांकडे पाहून राहिलो होतो."

"गिटारची एवढी भीती?"

"गिटारची नाही." तो बोलायचं टाळत होता, ते ती पाहत होती. "मी मागं लागलो होतो ना सगळ्यांत आधी. हिले काही झालं असतं तर... तुम्ही माझ्याकडे परत कधी पाहिलं नसतं. मी तेच मनात घेऊन उभा होतो. गोपिका, मले तुमच्याशिवाय आता जमणार नाही."

गोपिकाने पुढे होऊन त्याचा घामेजलेला हात आपल्या हातात घेतला.

"तुटली असती तर मी लय रडली असती," ती म्हणाली. "पण रडायले मी कोणाकडे आली असती, सांग ना?"