एका कामात एकच मुंगी

कोरणीला धार आहे की नाही हे पाहायची एक खात्रीची रीत होती. तिचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायचं. घसरलं, तर कोरणी पुन्हा दगडावर घासायची; अडकलं, तर कामाला बसायचं. त्यामुळे भाचीच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर कायम बारीक ओरखडे असत. मामाच्याही होते. मामी म्हणायची, "लोकांचं घराणं नाकावरून ओळखतात, आपलं नखावरून."

पुढे दुकान, मागे कामाची खोली. खोली लांबट होती, उत्तरेला खिडकी, खिडकीला लागून टेबल आणि टेबलावर गोल फिरणारा जड व्हाइस. सुरी त्यात आवळायची, डाव्या हाताने व्हाइस हळूहळू फिरवायचा आणि उजव्या हातातली कोरणी फक्त पुढे ढकलायची. रेघ वळते ती डाव्या हातामुळे, हे नव्या माणसाला पटता पटत नाही. भाचीलाही पटायला वेळ लागला. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती इथे आली, नोकरी लागेपर्यंत बसते म्हणाली आणि पुढे नोकरीचं नाव काढायचं तिनेच सोडलं. मामी तिला शास्त्रज्ञबाई म्हणायची.

सध्या टेबलावर एका संग्राहकाच्या सहा सुऱ्या होत्या. मुठीलगतच्या पोलादी पट्टीवर एकच वेल, पहिल्या सुरीपासून सहावीपर्यंत वाढत गेलेली. नक्षी मामाची. पहिली सुरी त्याने स्वतः कोरली, मग त्याच्या डोळ्यांपुढचं धुकं दाट झालं आणि बाकीच्या भाचीकडे आल्या. "संच पुरा कर," तो म्हणाला होता, "माझ्या खुणेशेजारी तुझी खूण घालू." शिकाऊ माणसाला सुरीवर खूण घालता येत नसे. तिने आपली खूण मनात कधीच ठरवून ठेवली होती: एक लंबवर्तुळ, आत एक बिंदू. तो बिंदू मधोमध नव्हे, लंबवर्तुळाच्या नाभीवर असायचा, हेही ठरलं होतं.

अडचण वेळेची होती.

"शनिवारी येतोय तो," मामी दारातूनच म्हणाली. "झालं नसेल तर उरलेल्या सुऱ्या लेझरवाल्याकडे नेणार. तिथे म्हणे एका दुपारी होतं."

"त्याला कोरणं नाही म्हणत, मामी. भाजणं म्हणतात."

"भाजणं म्हण नाहीतर तळणं म्हण. तुझं एकेक पान होईतो त्या माणसाला नातवंडं व्हायची."

"घाई केली की हात घसरतो."

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला मामा हे ऐकत होता. उकाडा होता, तरी त्याच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या. तो नेहमीच तसा असे. मामी सांगायची, इतकी वर्षं संसार केला, पण यांच्या कोपराला खळी आहे की नाही विचाराल तर मला सांगता यायचं नाही.

"घसरलं तर घोटून काढ," मामा म्हणाला. "संचाची मुंगी माझ्या सुरीवर आहे."

मुंगी ही त्याची जुनी रीत. कोरणी निसटली की चकचकीत पोलादावर ओरखडा उठतो. तो घालवायचा तर घोटणीने धातू दाबत, घासत, पुन्हा चकाकी आणत अर्धा दिवस जातो, शिवाय शेजारची पानं पुन्हा कोरावी लागतात. दुसरा उपाय सोपा. ओरखड्याच्या खोल टोकाला पोट, निमुळत्या टोकाला डोकं, खाली सहा पाय. वेलीवर मुंगी चढली म्हणून कोण तक्रार करतं? पण एका कामात एकच मुंगी, असा त्याचा नियम होता. शिकताना तिने विचारलं होतं, एकच का?

"एकटी मुंगी वाट चुकलेली असते," मामा म्हणाला होता. "दोन झाल्या की वाट होते."

"कुठली वाट?"

"चहा घे. निवतोय."

बुधवारी तिसऱ्या सुरीवर तिचा हात घसरला. तिने भिंगातून ओरखडा पाहिला, घड्याळ पाहिलं, मामाच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. तिने सहा पाय कोरले.

मग हात मोकळा झाला. चुकलं तरी चालतं हे कळल्यावर तो भराभर चालू लागला आणि भराभर चालला म्हणून पुन्हा चुकला. गुरुवारी दुपारपर्यंत चौथ्या सुरीवर मुंग्या आल्या. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती, पट्टीच्या ज्या कडेला तिचा डावा अंगठा टेकलेला असे त्या बाजूला. कामात व्हाइस सारखा फिरत असतो. ओरखडे दाही दिशांना जायला हवे होते. तिने क्षणभर विचार केला आणि निष्कर्ष काढायला नमुना फार लहान आहे, असं स्वतःला सांगितलं.

जेवून आल्यावर तिसऱ्या सुरीवरची मुंगी तिला पानाच्या देठाशी सापडली. सकाळी ती पानाच्या टोकाशी होती. निदान तिला तसं आठवत होतं.

आठवणीवर तिचा विश्वास नव्हता. तिने मुंगीशेजारी मोजपट्टी ठेवून फोनवर फोटो काढला. दिवा तसाच ठेवला, सुरी हलवली नाही, पुढे जाऊन मामीबरोबर चहा घेतला आणि परत येऊन दुसरा फोटो काढला.

मुंगी देठाच्या पलीकडे गेली होती.

आधी ती जिथे होती, ती जागा तिने भिंगाखाली घेतली. घोटलेल्या धातूत कितीही केलं तरी पुसट खळगा राहतो. इथे खळगा नव्हता. पॉलिशच्या केसासारख्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या होत्या, जणू तिथे कोरणी कधी टेकलीच नव्हती.

आपण घाबरायला हवं, हे तिला कळलं. पण त्याच्या आधी तिला दुसरं काही कळलं होतं. ओरखडा गेला होता.

शुक्रवारी तिने कोरणी धार लावण्यापुरतीसुद्धा थांबवली नाही. हात निसटला की सहा पाय काढायचे आणि पुढे जायचं. अर्ध्या दिवसाचं घोटकाम मुंगी मुकाट्याने करून टाकत होती. मागे वळून पाहावं तो पान नितळ, वेल नितळ, आणि कडेशी थोडीशी गर्दी. त्या कडेच्या पुढे काय, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. तो शनिवारनंतर बघू, असं तिने ठरवलं.

शनिवारी सकाळी तिने एकेक सुरी भिंगाखाली धरली. एकही मुंगी नव्हती. वेल निर्दोष होती. इतकं स्वच्छ काम तिने मामाचंही पाहिलं नव्हतं.

पुढे दुकानात संग्राहक आला होता. मामी त्याला म्हणत होती, "बसा हो, हातचं काम आहे, नळाचं पाणी नाही."

मामा टेबलाशी आला आणि सहावी सुरी हातात घेऊन अंगठ्याने वाचू लागला. मग पाचवी, चौथी, तिसरी. अंगठा कुठेच अडला नाही.

"वेळेत झालं," तो म्हणाला.

"हो."

"हात घसरला नाही कुठे?"

तिने भिंग पुसायला घेतलं.

त्याने पहिली सुरी उचलली, त्याची स्वतःची. अंगठा वेलीवरून गेला, थांबला, मागे आला, पुन्हा गेला.

"माझी कुठे गेली?"

तिने सुरी घेऊन पाहिली. दोन पानांच्या मधे, जिथे इतके दिवस मामाची मुंगी होती, तिथे पॉलिशच्या सरळ रेषा होत्या.

"मामा..."

"डावा हात भिंगाखाली धर."

तिने धरला. अंगठ्याच्या नखावर धारेचे नेहमीचे ओरखडे होते. त्यांच्याखाली, नखाच्या मुळाशी, एक आकृती होती. रेघ स्वच्छ, खोल टोकाकडून निमुळती होत गेलेली. पाय सहा. ती तिच्या हातची नव्हती. पाय असे आत वळवायची लकब मामाची.

"आहे?"

"एक आहे."

"तोंड कुठे?"

"मनगटाकडे."

मामाने मान हलवली. मग चाचपडत तिची दुमडलेली बाही खाली ओढली आणि लहान मुलाला शाळेत धाडताना लावावं तसं, स्वतःच्या सदऱ्यासारखंच, मनगटाचं बटण लावलं.

"उन्हाळ्यातसुद्धा," तो म्हणाला. "सवय होते."

"मामा, बाकीच्या कुठे आहेत?"

"खूण घाल आधी. माणूस खोळंबलाय."

तिने व्हाइसमध्ये सहावी सुरी आवळली. कोरणी ताजी घासली आणि तिचं टोक सवयीने डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवलं.

टोक घसरलं. तिने पुन्हा घासली, पुन्हा टेकवलं. पुन्हा घसरलं.

तिने नख भिंगाखाली घेतलं. आकृती नव्हती; ती बंद बाहीत शिरली असणार. नेहमीचे ओरखडेही नव्हते. नख या कडेपासून त्या कडेपर्यंत नितळ होतं, जणू तिथे कोरणी कधी टेकलीच नव्हती.