शेवटची धावपळ मला पटत नाही

चूक साहेबांची होती. आमच्या ऑफिसात परदेशी सिनेमांच्या खाली आपल्या भाषेतल्या ओळी लिहिल्या जातात. हलकेफुलके प्रेमपट माझ्याकडे आणि युद्धपट शेजारच्या खोलीतल्या नव्या माणसाकडे, असं ठरलेलं. त्या सकाळी फायलींची अदलाबदल झाली. तासभर रणगाडे बघून माझं डोकं उठलं आणि मी तावातावाने त्याच्या खोलीत शिरले.

तो हेडफोन लावून बसला होता… आणि चक्क डोळे पुसत होता!

"प्रेमपट बघून रडताय?"

"सर्दी आहे." त्याने पुन्हा डोळे पुसले. "म्हणजे… तिने माफ केलं हो त्याला शेवटी."

मी हसत सुटले. तोही हसला, आणि त्याच्या गालाला अशी काही खळी पडली की फाईल मागायची राहूनच गेली.

मग आम्ही एकमेकांचं काम तपासायला लागलो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"तुझ्या प्रेमपटातली ती दोघं पाच मिनिटं नीट बोलली, तर सिनेमा मध्यंतराआधीच संपेल," तो म्हणायचा.

"आणि तुझ्या युद्धपटात? ज्याने खिशातला बायकोचा फोटो दाखवला, त्याचे दिवस भरले!"

"म्हणून मी खिशात फोटो ठेवत नाही."

"ठेवायला दिलाय का कुणी?"

"मागायची हिंमत नाही…"

मी कानापर्यंत लाल झाले आणि त्याच्या फायलीतली एक बरोबर असलेली वेलांटी उगाचच दुरुस्त केली.

सातव्या महिन्यात त्याच्या बदलीचं पत्र आलं. दुसरं शहर, वरची जागा, शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचं. तो जायला नको होता, एवढंच मला कळत होतं. पण हे त्याला सांगायचं कसं?

बुधवारी तो माझा सिनेमा तपासत होता. निघालेल्या नायकाला अडवायला नायिका धापा टाकत स्टेशनात शिरली, तसा त्याने सिनेमा थांबवला.

"तिने असं अडवावं त्याला… पटतं तुला?"

तो पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मला कळलं. शपथ, कळलं! पण आई म्हणते तेच खरं, माझ्या जिभेला हाड नाही. कुणी मत विचारलं की ती सुटते.

"अजिबात नाही. कुणाच्या वाटेत आडवं येणं म्हणजे प्रेम? स्वार्थ झाला तो! त्यापेक्षा तुझ्या युद्धपटातली बायको बरी. दारात उभी राहते आणि म्हणते, जा."

"आणि तिच्या मनात काय असतं?"

"मनातलं कुठे दिसतं पडद्यावर?" मी म्हणाले, आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूशही झाले.

त्याने चहा संपवला. "बरोबर आहे तुझं," म्हणाला आणि उठला.

शुक्रवारी ऑफिस उघडताच मी त्याच्या खोलीत गेले.

"जाऊ नकोस."

तो हेडफोनची वायर गुंडाळत होता. "काल सही करून दिली. ताईला कळवलं, घरमालकांना खोली सोडतो म्हणून सांगितलं."

"मागे घे ना. मी सांगतेय…"

"परवा का नाही सांगितलंस?"

"परवा तू सिनेमाबद्दल विचारलंस."

"नाही," तो म्हणाला. "आणि तुलाही ते माहीत होतं."

मला रडू फुटलं. त्याने ओरडावं, भांडावं, असं फार वाटत होतं. तो भांडला नाही.

"बुधवारी 'जा' म्हणालीस, आज 'थांब' म्हणतेस," तो हळूच म्हणाला. "तुझ्या बोलण्यावर घर मोडायचं आणि पुन्हा मांडायचं… नाही जमणार गं मला. भीती वाटते."

साहेब दारात आले, त्याचं अभिनंदन करून गेले. मग त्याने माझ्यापुढे हात केला. सात महिन्यांत आमचे हात पहिल्यांदाच एकमेकांत आले, आणि तेही निरोप घ्यायला.