उतरती मात्रा

सकाळी शेजारीण सुईदोरा मागायला गेली, तर शिवणक्लासवाल्या बाई जिन्याच्या पायथ्याशी पडलेल्या. डोकं फुटलं होतं, श्वास चालू होता. नवरा वर झोपलेला.

"आवाज नाही आला?" फौजदारबाईंनी विचारलं.

"मी पाठ टेकली की मेल्यासारखा झोपतो. मला कधी झोपेची गोळी घ्यावी लागली नाही." नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या त्या माणसाचा आवाज सपाट होता. "गोळ्या तिच्या. मुलगी गेल्यापासूनच्या. आता सोडायचं डोक्यात घेतलंय, पण चोरून घेत असणार."

फौजदारबाईंनी ऐकून घेतलं. मनात काही हललं नाही. नोकरीत ते कधीच निबर झालं होतं.

इस्पितळात बाईंचे डॉक्टर भेटले.

"जुनी गोळी एकदम बंद केली तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून तिच्या जागी शरीरातून सावकाश उतरणारं औषध दिलं. त्याची मात्रा हळूहळू कमी करतोय. पण रक्तात जुनी गोळीही सापडली."

"त्यांनीच घेतली असेल?"

"उरलेल्या गोळ्या त्या स्वतः माझ्या टेबलावर ठेवून गेल्या होत्या. हल्ली मात्र म्हणायच्या, औषध कमी होतंय तशी गुंगी वाढतेय. मी थकव्यावर ढकललं. चुकलं माझं."

शेजारणीने वेगळंच सांगितलं. "बाईंचे यजमान परगावी गेले होते तेव्हा त्या कशा टवटवीत होत्या. ते आले आणि पुन्हा डोळे जड. एरवी फार जपतात हो. झोपताना दूधसुद्धा स्वतः गरम करून देतात."

औषधाच्या दुकानात एकच प्रश्न पुरला.

"ती गोळी? बाईंनी बंद केली. साहेब नेतात ना, स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीवर. झोप लागत नाही म्हणतात."

फौजदारबाई परत आल्या तेव्हा नवरा स्वयंपाकघरात बसून होता.

"पाठ टेकली की झोपणाऱ्याला झोपेची गोळी कशाला?" त्या समोर बसल्या. "तुम्ही घरात असलात की बाईंना गुंगी, नसलात की नाही. तुमच्या हातून त्यांच्या पोटात रोज जातं ते दूध. गोळी त्यातच कुटून घालत होतात. तशा गुंगीत त्या जिना उतरल्या."



"औषध कमी झालं तशी ती जागी व्हायला लागली," तो म्हणाला. "जेवता जेवता मुलीचा विषय काढायची. रडायची. इतकी वर्षं घर शांत होतं. मला तेवढंच हवं होतं. तिला पाडायचं नव्हतं."

"चला," फौजदारबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी बाई शुद्धीवर आल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मात्रा एक पायरी वर नेऊन उतरण पुन्हा सुरू करू. फौजदारबाईंनी बाकीचं सांगितलं. काही झाकलं नाही.

"ते म्हणायचे, तूच घेतेस आणि विसरतेस," बाई हळूच म्हणाल्या. "मला पटायला लागलं होतं."

मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्या हुंदके देऊ लागल्या. नर्स धावत आली. "डॉक्टरांना विचारून शांत करायचं इंजेक्शन आणू?"

"नको," फौजदारबाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "रडू दे त्यांना. मी बसते."