पाळण्यातलं दुसरं वजन

यात अमावस्या नाही, वड नाही, पडकी विहीर नाही.

जे घडलं ते मे महिन्याच्या लख्ख उन्हात घडलं. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. चार माणसांच्या डोळ्यांदेखत. खोटं वाटलं तर कोल्हापूरच्या शाहूपुरीत जावं आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या निसार मुल्लाणीला गाठावं. माणूस बोलका आहे. चहा पाजेल.

फक्त चिमणीचा विषय काढला की तो ब्रश खाली ठेवतो...

साल १९७६. कोल्हापूर जिल्ह्यातला एक साखर कारखाना. नाव घेत नाही. हंगाम संपला होता, बॉयलर थंड होते आणि सव्वाशे फुटी चिमणीला रंग द्यायचा होता. कंत्राट पिराजी मुकादमाकडं होतं. त्यानं निसारला बोलावून घेतलं, कारण उंचीवर काम करणारा निसारसारखा सावध माणूस जिल्ह्यात नव्हता.

काम असं चालायचं. चिमणीच्या टोकाला एक कप्पी बसवलेली. कप्पीवरून तारेचा दोर खाली आलेला. दोराच्या एका टोकाला लोखंडी पाळणा, दोन माणसं उभी राहतील एवढा. दुसरं टोक जमिनीवरच्या विंचला, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या चक्राला. विंच हातानं फिरवायची; हात सोडला तरी ती खटक्यानं जागीच अडायची. वरचा माणूस खालच्याला ओरडून सांगू शकत नाही, वारं आवाज खाऊन टाकतं. म्हणून पाळण्यातून एक सुती दोरी खाली सोडलेली आणि तिला विंचजवळ घंटा.

एकदा ओढली की थांब. दोनदा म्हणजे वर. तीनदा म्हणजे खाली.

विंचवर होता तवनाप्पा. कुरुंदवाडचा, पन्नाशीचा जैन माणूस. मोजकं बोलायचा. पहिल्या दिवशी त्यानं निसारला एकच गोष्ट विचारली.

"कमरेचा पट्टा बांधतोस न्हवं?"

"बांधल्याबिगर मी पाळण्यात पाय ठेवत न्हाय, अण्णा."

तवनाप्पानं मान हलवली आणि तो पाठमोरा झाला. त्याला बरं वाटलं की वाईट, निसारला कळलं नाही.

चिमणीच्या अंगाला लोखंडी पायऱ्या होत्या. खाली जाळीचं दार, दाराला कुलूप. किल्ली एकच, ती निसारच्या गळ्यात ताइताच्या दोऱ्यात. रोज सकाळी तो पायऱ्यांनी टोकापर्यंत चढायचा, कप्पीचा बोल्ट तपासायचा, बोल्ट निसटू नये म्हणून त्यात घातलेली पिन पक्कडीनं वाकवून पुन्हा घट्ट करायचा. मग उतरून पाळण्यात बसायचा. मुकादम हसायचा.

"रोज रोज काय बघतोस रं? पिनला काय पाय फुटत्यात व्हय?"

सोमवार नीट गेला.

मंगळवारी निसार चाळीस फुटांवर होता. ब्रश भिंतीवर. दोन्ही हात कामात.

खाली घंटा वाजली...

एकदा. दोनदा.

पाळणा वर निघाला.

निसारनं घाईनं दोरी ओढून तो थांबवला. दुपारी खाली उतरल्यावर त्यानं तवनाप्पाला गाठलं.

"अण्णा, न वाजवता वर का घेतलासा?"

"दोनदा वाजीवलीस की तू."

"मी हातच लावला न्हाय दोरीला!"

तवनाप्पा त्याच्याकडं बघत राहिला. राग नव्हता त्या नजरेत. काहीतरी लपवणाऱ्या माणसाची नजर होती ती.

निसारनं मनाशी ठरवलं, या माणसावर लक्ष ठेवायचं.

बुधवारी तवनाप्पाच चिडून आला.

"वर कुणाला घिऊन जातोस?"

"कुणाला म्हंजे?"

"इस वरसं विंच फिरवतोय. एका माणसाचं वजन किती, दोन माणसांचं किती, ह्ये हाताला कळतंय. सकाळपास्नं दोघांचं वजन येतंय."

"रंगाचे दोन डबे हायत, अण्णा. दुसरं काय न्हाय."

"डब्याचं वजन मला शिकवू नगोस."

निसारनं पाळण्याकडं पाहिलं. पाळण्यात कोणी नव्हतं... पण कठड्याला एक पट्टा अडकवलेला होता. निसारचा नव्हे. त्याचा कमरेलाच होता. हा दुसरा, नवाकोरा, मुकादमानं साहेबांना दाखवायला पाळण्यात टांगलेला. तो मध्ये येतो म्हणून निसारनं सकाळीच काढून खालच्या पेटीत टाकला होता.

आता तो जागेवर होता. त्याचा हूक कठड्याला नीट लावलेला. पट्ट्याचं बक्कलही बंद, जणू तो कुणाच्या तरी कमरेला आहे.

"ह्यो कुणी लावला?"

तवनाप्पा पट्ट्यापासून मागं सरकला. घाम पुसत विंचकडं निघून गेला.

कारखान्याच्या फाटकाबाहेर झुंबरबाईची चहाची टपरी होती. निसारनं तिथं बसून सरळच विचारलं, "मावशी, ह्या चिमणीवर माझ्याआधी कोण हुतं?"

झुंबरबाईनं कपबशी पुसता पुसता हात थांबवला.

"तुला सांगितलं न्हाय व्हय? कृष्णात हुता. गेल्या उन्हाळ्यात. वरनं पडला बिचारा."

"पट्टा?"

"पट्टा सोडला म्हणून पडला, असं कागदावर लिवलंय." तिनं इकडं तिकडं बघितलं. "पर खरं सांगू का? त्या दिशी पाळण्यात पट्टाच न्हवता रं. पट्टा दुसऱ्या दिशी आला. मी माझ्या डोळ्यांनी मुकादमाच्या पिशवीत बघितला. मग साहेब आलं तपासाला."

"विंचवर कोण हुतं तवा?"

"दुसरं कोण? तवनाप्पाच की."

निसारनं अर्धा चहा तसाच ठेवला.

त्या रात्री त्यानं घरी बायकोला, जुलेखाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या जाऊ नगासा." पण सांगायचं काय मुकादमाला? बक्कल बंद होतं म्हणून येत नाही? आणि निसारला भुताची भीती वाटतच नव्हती. त्याला संशय माणसांचा होता. एकाची चूक लपवायला एकानं पट्टा आणला. उद्या आपली चूक लपवायला काय आणतील?

गुरुवारी तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आला. दार उघडलं, पायऱ्या चढला. कप्पी तपासली. जुनी पिन झिजली होती म्हणून काढून नवी घातली. पक्कडीनं वाकवताना टोक अंगठ्यात घुसलं, रक्त आलं. त्यानं शर्टाला अंगठा पुसला. उतरला. दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं. किल्ली गळ्यात.

दुसरा पट्टा पेटीत टाकून पेटीलाही कुलूप घातलं, तिची किल्ली खिशात ठेवली. मग तो तवनाप्पासमोर उभा राहिला.

"अण्णा, आज घंटेबिगर विंच हलली तर मी परत येणार न्हाय."

"थांब म्हणलास की थांबंन," तवनाप्पा म्हणाला. आवाज विचित्र झाला होता त्याचा. "आज थांबंन."

आज?

निसारला तो शब्द खटकला. पण पाळणा उचलला गेला होता.

चिमणीचा शेवटचा भाग रंगवायचा होता, टोकाजवळचा. साठ फूट. ऐंशी. शंभर. वरून पंचगंगेची बारीक रेघ दिसत होती. ऊन इतकं की लोखंडाला हात लावता येत नव्हता.

एकशेदहा फुटांवर पाळणा कलला.

निसार डाव्या बाजूला उभा होता. पाळणा उजवीकडं खाली गेला... हळूहळू... जसं कुणी तिकडं जाऊन उभं राहिलं असावं.

उजवीकडं काही नव्हतं. रंगाचे डबेसुद्धा निसारच्या बाजूला होते.

त्यानं स्वतःला समजावलं. वारं असेल. मग लक्षात आलं...

वारं नव्हतंच.

त्यानं दोरी दोनदा ओढली. वर. पाळणा वीतभर सरकला.

आणि त्याच्या डोळ्यांसमोर दोरी ताणली गेली.

त्याचा हात दोरीवर नव्हता.

एकदा...

पाळणा थांबला.

"अण्णा! दोरी सोडा!" तो खाली वाकून ओरडला. खालून तवनाप्पानं दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे हात. तो दोरीपासून चांगला पाच पावलं लांब होता.

निसारनं पुन्हा दोनदा ओढली. विंच फिरली.

पुन्हा दोरीला हिसका बसला. एकदाच. या वेळी इतका जोरात की घंटेचा आवाज वरपर्यंत आला.

पाळणा आणखी कलला. निसार पाठीवर रेलला, डोकं मागं गेलं आणि नजर आपोआप वर कप्पीकडं गेली.

पिन नव्हती.

बोल्ट अर्ध्याहून जास्त बाहेर आला होता.

 सवय उपयोगी आली. पट्ट्याच्या दोन हुकांपैकी मोकळा हूक त्यानं चिमणीच्या पायरीला अडकवला. मगच दुसरा कठड्यावरून सोडला. मग पायरी धरली, आणि पाय उचलला.

आता पाळणा रिकामा झाला. तो सरळ व्हायला हवा होता.

झाला नाही.

उजवीकडं कललेलाच राहिला. निसार पायरीला मिठी मारून बघत होता, आणि त्याला ऐकू आलं... फळीवर पाऊल सरकल्याचा आवाज. एक पाऊल. त्याच्या दिशेनं.

मग बोल्ट सुटला.

एकशेदहा फूट पाळणा एकटाच गेला. तारेचा दोर फुत्कारत कप्पीबरोबर खाली आला. तवनाप्पानं उडी मारली म्हणून वाचला.

निसार पायऱ्यांनी उतरला. प्रत्येक पायरीला आधी एक हूक लावायचा, मग दुसरा सोडायचा. खाली पोचायला अर्धा तास लागला. तोपर्यंत गर्दी जमली होती. मुकादम कोल्हापूरच्या बसमधून नुकताच उतरून धावत आला होता. त्यानं निसारला कुठं लागलं का, हेसुद्धा विचारलं नाही.

"पिन घालायला तूच इसरलास!" तो ओरडला. "समद्यांनी ऐका, ह्योच इसरला!"

निसार एक पाऊल पुढं आला.

"मुकादम, पिनचं अजून कुणीच काय बोललं न्हाय. तुमास्नी कसं कळलं?"

मुकादम पेटीकडं वळला. मग तो म्हणाला, "दुसरं काय असणार? पेटी उघड. पेटीतच असंल बघ."

निसारनं कुलूप काढलं.

पेटीत दुसरा पट्टा नव्हता. पिन होती. नवी पिन, कापडाच्या चिंधीत गुंडाळलेली. वाकवलेली टोकं कुणीतरी सरळ केली होती. एका टोकाला सुकलेलं रक्त होतं.

निसारनं आपला अंगठा सगळ्यांपुढं धरला. ताजी जखम.

 मुकादम सकाळपासून कोल्हापुरात होता, बसचा कंडक्टर साक्षीला होता. तवनाप्पानं विंच सोडली नव्हती. जाळीच्या दाराची किल्ली निसारच्या गळ्यात होती. वर जायला तिसरी वाट नव्हती.

तेवढ्यात मोडलेल्या पाळण्याजवळून एक कामगार म्हणाला, "ह्यो पट्टा कुणाचा?"

दुसरा पट्टा. चेपलेल्या कठड्याला हूक लावलेला. बक्कल बंद.

ते बघून तवनाप्पा मटकन खाली बसला. आणि वर्षभर जे पोटात धरलं होतं ते बाहेर आलं.

"कृष्णातनं घंटा वाजीवली हुती. एकदाच. थांब म्हणून. पाळणा वरच्या ब्रॅकेटात अडकला हुता. मी थांबत हुतो. ह्यो शेजारी हुबा हुता. म्हणला, वढ, येळ न्हाय. मी वढली. पाळणा उलटा झाला." त्यानं मुकादमाकडं बोट केलं, मग तेच बोट स्वतःकडं वळवलं. "पट्टा न्हवताच त्याला. आमी दोघंबी खोटं बोललो."

मुकादम नाही म्हणाला नाही. तो पट्ट्याकडं बघत होता.

पुढं फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. तपास पुन्हा उघडला. मुकादमाचं कंत्राट गेलं, त्याच्यावर खटला झाला. कृष्णातची बायको धोंडुबाई, जिला वर्षभर लोक सांगत होते की तुझा नवरा निष्काळजी होता, तिला लेखी मिळालं की तो निष्काळजी नव्हता. ती तो कागद घेऊन झुंबरबाईच्या टपरीवर किती तरी वेळ बसून होती म्हणे.

इन्स्पेक्टरांनी जबाब घेताना निसार आणि तवनाप्पा दोघांनाही एकच प्रश्न विचारला. गुरुवारी पाळण्यात किती माणसं होती?

निसार म्हणाला, "एक."

तवनाप्पा म्हणाला, "दोन."

साहेबांनी मान वर केली. तवनाप्पानं उत्तर बदललं नाही. निसारनंही त्याला खोडून काढलं नाही.

निसारनं उंचीवरचं काम सोडलं. लोक म्हणतात, कृष्णातनं त्याला वाचवलं. दोन्ही वेळा त्यानंच थांबायची खूण दिली, तेव्हा तर निसारची नजर वर गेली. जुलेखा तर कृष्णातच्या नावानं दरवर्षी फातिहा, मेलेल्यासाठीची दुवा, देते.

निसार त्या वेळी शेजारी बसतो. पण हो म्हणत नाही.

दोरी कुणी ओढली, यावर त्याचा आता वाद नाही. पण पिन कुणी काढली? वर जायचं दार बंद होतं. पेटी बंद होती. ज्यानं दोरी ओढली तो आणि ज्यानं पिन सरळ करून चिंधीत जपून गुंडाळली तो, हे दोघं वेगळे होते... की एकच?

आणि एकच असेल, तर त्याला त्या दिवशी नक्की काय हवं होतं?