तुळशीचं काज

आमची पहिली भेट अंधारकोठडीत झाली. हसू नका, खरंच सांगतेय!

म्हैसूरहून बेंगळुरूच्या वाटेवर निघालं की जरा वेळात श्रीरंगपट्टण लागतं. कावेरी दोन फाट्यांनी वाहते आणि मधे हे बेट. आख्खी दुनिया तिथली देवळं, किल्ला, घुमट बघायला येते, आणि आम्ही इतक्या जवळ राहून कधी जात नाही. त्या दिवशी मैत्रिणीच्या हट्टापायी गेले. ती फोटो काढत बाहेर राहिली आणि मी एकटीच कर्नल बेली नावाच्या इंग्रज कैद्याच्या कोठडीत उतरले. बुटक्या कमानी, ओल्या चुन्याचा वास, भिंतीतल्या दगडांना भोकं... त्यात साखळ्या अडकवून कैद्यांना उभं बांधायचे म्हणे. मी मुळात भित्री. पाल दिसली तरी शेजारणीला हाक मारणारी. आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी कन्नडमध्ये विचारलं, "मॅडम, तोफ बघितलीत का?"

"आई गं!"

मी अशी काही दचकून मागे सरले, की तो माणूस लोखंडी कठड्यावर आदळला. टर्र असा आवाज आला. त्याच्या शर्टाची बाही खांद्यापासून निघाली होती.

"मराठी?" त्यानं डोळे मोठे करून विचारलं. बाहीचं त्याला काहीच नव्हतं.

"हो... सॉरी हं. फार फाटलं का?"

"फाटू दे हो. मी इथला गाईड. या कोठडीत मराठीत किंचाळणारं माणूस मला आज पहिल्यांदा भेटलं. मी पुनीत."

"मी... सहना."

आता शिंप्याच्या मुलीला उसवलेलं कापड बघून पुढं जाता येत नाही. म्हैसूरच्या शिवरामपेटेत आमचं शिलाईचं दुकान आहे, अप्पा आणि मी मिळून चालवतो. लिपस्टिक विसरेन, पण पर्समधला सुई-दोरा नाही. मी सुई काढली तसा तो चक्क खांदा पुढं करून उभा राहिला.

"थांबा! अंगावर कपडा शिवत नाहीत. शिवायचाच असेल तर तोंडात दोरा धरायचा आणि शिवून होईपर्यंत बोलायचं नाही. आमच्या घरात असंच आहे."

"बोललो तर?"

"काहीतरी वाईट होतं. मला काय ठाऊक! धरा मुकाट्यानं."

दिवसभर बोलून पोट भरणारा माणूस तो, पण दातांत दोरा धरून गप्प उभा राहिला. बोलत होते ते फक्त डोळे... आणि माझा टाका चुकला. परत घातला, परत चुकला. त्याला सगळं कळत होतं, आणि दोरा तोंडात असताना हसता येत नाही म्हणून बिचाऱ्याचे कान लाल झाले होते.

त्यानंतर मी बेटावर किती वेळा गेले, ते विचारू नका. घरी सांगायची, "निमिषांबेच्या दर्शनाला जाते." तिथल्या नदीकाठच्या देवीला लग्नाच्या मुली नवस बोलतात. आई, म्हणजे जानकीबाई, खूश व्हायची. पोरगी चांगल्या नवऱ्यासाठी देवीला साकडं घालतेय असं तिला वाटायचं. खोटं नव्हतं की ते!

खोटं नव्हतं, पण भीती होती. रोज होती. पुनीतचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळातले मराठे, आणि आमच्या अप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आपण सुईवाले, ते तलवारवाले. बोलणं-चालणं ठेवावं, सोयरीक नको." त्यातून हुबळीचं एक स्थळ आलेलं. आमच्यात जावयाचा लग्नातला कोट सासऱ्यानं स्वतःच्या हातानं शिवायचा असतो. स्थळाचं नुसतं नाव निघालं, तर अप्पांनी कोटाचं काळंभोर कापड आणून कपाटात ठेवलं! मी ते कपाट उघडायचीच नाही.

"मी येऊन भेटतो तुझ्या अप्पांना," पुनीत म्हणायचा.

"नको! आत्ता नको."

"मग कधी?"

"...बघू."

"बघू बघू म्हणेपर्यंत हुबळीची माणसं तुमच्याकडं उप्पिट-केसरीभात खाऊन जातील, सहना. तू अशीच घाबरत बस."

मी घाबरतच बसले. फक्त एक धाडस केलं. अप्पा दुपारी विठोबाच्या देवळात भजनाला गेले की दार लोटून त्याच्यासाठी शर्ट शिवला. कापड मुद्दाम दुसऱ्या पेठेतून आणलं, अप्पांनी ओळखू नये म्हणून. माप घेतलं नव्हतं. टेप घेऊन त्याच्याजवळ उभं राहायचा धीरच झाला नाही. जे काही माप होतं ते माझ्या डोळ्यांत होतं. वाढदिवसाला शर्ट त्याच्या हातात कोंबला आणि पळाले.

आणि मग आली आमच्या समाजाची वार्षिक सहल. म्हैसूरचे सगळे शिंपी, बायका-पोरांसकट, श्रीरंगपट्टणला. बस किल्ल्याच्या वेशीशी थांबली, मी खाली उतरले, आणि समोर मंडळानं ठरवलेला गाईड उभा. पुनीत! अंगात माझा शर्ट.

आधी जीव सुखावला. काय बसला होता खांद्यावर! आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं.

काज!

आमच्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक शर्टाचं शेवटचं काज मशीनवर होत नाही. ते हातानं भरायचं, हिरव्या दोऱ्यानं. पणजोबांपासून असंच आहे. विठोबाला तुळस वाहतात तसं ते. म्हणून तुळशीचं काज. शर्ट खोचला की कुणाला दिसत नाही, पण अप्पांना अंधारातही कळेल. अप्पांना चुकवायला मी कापड बदललं, बटणं बदलली... आणि शेवटच्या काजाला हात सवयीनं हिरव्या रिळाकडं गेला. मला कळलंसुद्धा नाही! ते काज आता पुनीतच्या पट्ट्याच्या चार बोटं खाली लपलेलं होतं.

"नमस्कार मंडळी," पुनीत म्हणाला आणि माझ्याकडं बघून हळूच हसला. तू येणार म्हणून घातलाय, असं ते हसू होतं. अय्यो देवा!

रंगनाथाच्या देवळापुढं त्यानं गोपुर दाखवायला हात उंच केला. शर्ट वर सरकला. मी डोळे मिटले. शेषावर निजलेल्या देवापुढं उभं राहून बाकीच्यांनी काय काय मागितलं असेल. मी एवढंच मागितलं, की याचा शर्ट खोचलेला राहू दे. मग दर्या दौलत. बागेतला तो लाकडी महाल, भिंतीभर लढाईची चित्रं, हत्ती-घोडे-पालख्या. सगळे माना वर करून चित्रं बघत होते. अप्पा मात्र पुनीतचा खांदा बघत होते.

"कुठं शिवला हो शर्ट?" अप्पांनी विचारलं.

"म्हैसुरातच, काका."

"कुणाकडं?"

"आहे एक... नवीन टेलर."

"खांदा फार छान बसवलाय. हात तयार आहे त्याचा."

जन्मात अप्पांनी माझ्या शिलाईला एवढं चांगलं म्हटलं नव्हतं. आणि आता म्हणाले, तर मी खांबाआड लपून उभी होते.

सुलतानाची कबर असलेल्या घुमटापाशी सरूच्या झाडांमधून जाताना मी त्याला गाठलं. सगळे पुढं गेले होते. काळ्या गुळगुळीत खांबांच्या मागं आम्ही दोघं.

"शर्ट नीट खोच आणि हात वर करू नकोस," मी पुटपुटले.

"का? वाईट दिसतो?"

"वाईट नाही रे... फार चांगला दिसतो. तेच वाईट आहे."

काजाचं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मी त्याला घाबरलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"मग आजच सांगून टाकू?"

"वेड लागलंय? आज कळलं तर उद्या हुबळीला होकार जाईल. अप्पा चिडले की बोलत नाहीत. सुम्ने, नुसते गप्प बसतात. ते गप्प बसले ना, की संपलं."

"सहना... मला फक्त एवढं सांग. तुला मी हवाय की नाही?"

"हवायस. म्हणून तर मरतेय ना भीतीनं!"

त्यानंतर तो पोटावर हात दाबून चालायला लागला. आमच्या बायकांना वाटलं, पोरगं आजारी. कुणी ओवा दिला, कुणी जिरं. तो बिचारा दोन्ही चावत माहिती सांगत राहिला.

शेवटी संगम. बेटाच्या टोकाला नदीचे दोन्ही फाटे पुन्हा एक होतात तिथं. वर धरणाचे दरवाजे उघडलेले, पाणी तांबडं, फुगलेलं, घाटाच्या कितीतरी पायऱ्या गिळून बसलेलं. गोल टोपल्यांसारख्या नावा काठावर पालथ्या घातल्या होत्या. आवाज असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पावसाची बुरबुर सुरू झाली.

"कुणी खाली उतरू नका!" पुनीत ओरडला.

पण अप्पा कधी ऐकणार! "कावेरीला हात लावल्याशिवाय कसं जायचं? एक चूळभर पाणी घेतो," म्हणत ते पायऱ्या उतरले. मी "अप्पा!" म्हणेपर्यंत शेवाळावरून त्यांचा पाय सटकला.

एका क्षणात कमरेपर्यंत पाण्यात. पाणी त्यांना ओढत होतं. आईची किंकाळी. माझे पाय तिथंच दगडात रुतले, हलेचनात. पुनीतनं मात्र उडी टाकल्यासारखं खाली जाऊन एका हातानं दगडी खांब धरला आणि दुसरा अप्पांकडं लांबवला. हात पोचला नाही. अप्पांच्या मुठीत आला तो त्याचा शर्ट. त्या धावपळीत पट्ट्यातून सुटून खाली लोंबणारा शर्टाचा घोळ. अप्पांचा सगळा भार त्या कापडावर, आणि पाणी खेचतंय... मी देवाचं नाव घ्यायचं सोडून शिवणीला विनवत होते, उसवू नकोस गं, उसवू नकोस.

ती उसवली नाही.

पुनीतनं त्यांना इंच इंच ओढून वर घेतलं. दोघं पायरीवर बसले, धापा टाकत. आम्ही सगळे भोवती गोळा झालो. आई रडत अप्पांचे केस पदरानं पुसत होती. अप्पांची मूठ अजून उघडली नव्हती. मग त्यांनी ती हळूच उघडली, आणि बघतच राहिले. भिजलेल्या कापडावर हिरवं काज आणखीनच हिरवं दिसत होतं.

अप्पा गप्प. अंगठा काजावरून फिरवला. मग बाजूच्या शिवणीवरून.

"काका, ते मी जुन्या बाजारात..." पुनीतनं खोटं सुरू केलं. माझ्यासाठी. आणि कुठून बळ आलं ठाऊक नाही, मी पुढं झाले.

"मी शिवला, अप्पा."

अप्पांनी वर बघितलं.

"माप कधी घेतलंस?"

"घेतलंच नाही. टेप लावला नाही, आईशप्पथ. नुसतं बघून..."

"नुसतं बघून?"

"खूप दिवस बघून," मी म्हणाले, आणि रडायला लागले. "मला हुबळीचं नको, अप्पा. मला हा हवाय. मला फार भीती वाटते तुमची, पण मला हाच हवाय."

अप्पा परत गप्प. आईलाच राहवलं नाही. "अहो, बोला की काहीतरी! पोर मरेल भीतीनं."

अप्पांनी पुनीतला आपादमस्तक न्याहाळलं. "वडिलांचं नाव काय तुझ्या?"

"संताजीराव."

"म्हणजे तलवारवाले."

"तलवार कधीच गेली, काका. आता घरात भाजी चिरायची सुरी तेवढी आहे."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. अप्पा हसले नाहीत. त्यांनी ओल्या खिशात हात घातला. टेप जवळ असल्याशिवाय अप्पा देवळातसुद्धा जात नाहीत. पाणी निथळणारा तो पिवळा टेप त्यांनी झटकला आणि उठून उभे राहिले.

"शिवण डबल मारलीस म्हणून मी आत्ता उभा आहे," ते मला म्हणाले. "पण ऐक. शर्ट होतो एक वेळ नजरेनं. कोटाला माप लागतं." मग पुनीतकडं वळले. "हात वर कर."

"कोट? कसला कोट, का..."

"माप घेताना बोलायचं नाही!"

मी पर्समधून दोरा तोडला आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या ओठांत दिला. तो माझ्याकडं बघत होता, त्या पहिल्या दिवसासारखा. कान लाल, आणि डोळ्यांत पाणी. अप्पांनी टेप त्याच्या छातीभोवती फिरवला.

"लक्षात ठेव गं, सहना. छाती अडतीस."

मला ते ठाऊकच होतं.