शिट्टी वाजली की थवा उडतो

"शिट्टी वाजली की थवा उडेल. मोबाइल तयार ठेवा," कौशिकने होडीत फर्मान सोडलं आणि झाडून सगळ्या मोठ्या माणसांनी आज्ञाधारकपणे हात वर केले.

पोंगलची सुट्टी होती. चेन्नईतल्या वेलचेरीच्या एकाच इमारतीत राहणारे पुष्कर, त्याची धाकटी बहीण देविका आणि मैत्रीण हरिणी पुलिकतच्या सरोवरावर दोन दिवसांच्या सहलीला आले होते. बरोबर पुष्करचे बाबा माधवराव. ऑफिसात ते सगळ्यांना शहाणपण शिकवतात. पण 'आयुष्यभराची आठवण' अशी रंगीत जाहिरात दिसली की त्यांची अक्कल चरायला जाते. कौशिक या सहलीचा मालक. त्याच्या शर्टावर पक्ष्यांची चित्रं होती आणि पक्ष्यांबद्दलचं ज्ञान त्या शर्टापुरतंच होतं.

शिट्टी वाजली. पाठोपाठ धडाम् आवाज झाला आणि शेकडो फ्लेमिंगो घाबरून उठले. होडीत नुसता कल्ला! आवाज कसला, असं देविकाने विचारलं, तर कौशिक म्हणाला, कोळी जाळी टाकतायत. जाळी कधीपासून धडाम् वाजायला लागली, हे एकाही मोठ्या माणसाने विचारलं नाही.

हरिणी मात्र एका करड्या पिल्लाकडे बघत होती. त्याचा एक पाय लुळा होता. ते सगळ्यांच्या मागून कसंबसं उठलं आणि थोड्याच अंतरावर पाण्यात आपटलं.

"पावम, बिचारं," ती पुटपुटली. तिचं घराणं तंजावरचं, त्यामुळे कळवळा आला की तिच्या मराठीत तमिळ शिरायचं. "खायला लागलं की उडवतात त्याला. असंच केलं तर मरून जाईल ते."

देविकाने हे कौशिकला सांगितलं. पक्ष्यांनाही व्यायाम हवा, असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

संध्याकाळच्या फेरीला पुष्करने पक्ष्यांकडे पाठ केली. शिट्टी, धडाम्, आणि समोरच्या वाळूच्या दांड्यामागून निघालेला धूर त्याला स्पष्ट दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी माणसं आदल्या रात्रीची बिर्याणी जिरवत घोरत पडली होती. तिघं घोट्याएवढ्या पाण्यातून दांड्यापर्यंत चालत गेली. मागे प्लॅस्टिकचा ड्रम होता, आणि त्यात सुतळी बॉम्ब! पुष्कर ड्रम पळवायला निघाला. हरिणी म्हणाली, कायला उचलायचा? सरोवरात पाणी काय कमी आहे? त्यांनी एकेक बॉम्ब मनसोक्त बुचकळला, पुराव्याला एक ठेवून घेतला आणि झाकण होतं तसं लावलं.

सकाळच्या फेरीत कौशिकने ऐटीत शिट्टी फुंकली. काहीच झालं नाही. पुन्हा फुंकली. दांड्यामागून नुसतं फुस्स ऐकू आलं. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं आणि लोक कुरकुरायला लागले.

तेवढ्यात देविका मधाळ आवाजात म्हणाली, "अंकलनी आज खास बेत ठरवलाय. कुणीच बोलायचं नाही. मग पक्षी आपणहून जवळ येतात. हो ना, अंकल?"

नाही म्हणायची सोय नव्हती. कौशिकने मान डोलावली.

मोठ्या माणसांना गप्प बसणं किती जड जातं! एका काकांचा फोन वाजला, तो काकूंनी हिसकावून पदराखाली दाबला. मग हळूहळू थवा चोची बुडवत होडीच्या दिशेने सरकू लागला. करडं पिल्लूही लंगडत आलं आणि शांतपणे खात राहिलं.

पुष्करने खिशातला ओला बॉम्ब काढला आणि कुजबुजत सगळा प्रकार सांगितला. लोकांना थरार लागतो, असं कौशिक पुटपुटला.

"आम्ही बावळटासारखे ओरडलो, तो आमचा मूर्खपणा," माधवराव हळू आवाजात म्हणाले. "तुमचं मात्र पाप. तो ड्रम आपल्या होडीत घ्यायचा आणि थेट वनखात्याच्या ऑफिसात द्यायचा. मी बरोबर येतोय."

कौशिकने निमूटपणे दांड्यामागे बॉम्ब लावायला बसवलेल्या आपल्या माणसाला फोन लावला.

मग माधवराव अभिमानाने मुलांकडे वळले. त्यांच्या डोक्यात जे आलं नाही ते या तिघांनी केलं, असं त्यांनी चक्क कबूल केलं. कौतुकाने सगळ्यांचे हात टाळ्यांसाठी वर गेले.

हरिणीने डोळे वटारले. "टाळ्या नको. ते जेवतंय."

सगळ्यांनी मुकाट्याने हात खाली घेतले.